जपानला एक, कोरियाला एक

मला जपानला दिली आणि छायाला कोरियाला, असं आमची माय आल्यागेल्याला सांगायची. सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की पोरी खरंच विमानात बसवून आली आहे. प्रत्यक्षात दोन्ही देश धारूरच्या शाळेच्या एकाच मैदानावर होते. लिंबाच्या बाजूला शेख सरांचा कराटेचा वर्ग आणि पाण्याच्या टाकीच्या बाजूला फौजी मास्तरांचा तायक्वांदोचा. मधे चुन्याची एक रेघ होती, ती दोघांपैकी कुणी मारली यावरही दोघांचं एकमत नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आणि माझ्या चुलत बहिणीला, छायाला, एकाच संध्याकाळी तिथं नेऊन उभं केलं. नवं बियाणं आलं की आमच्याकडे सगळं रान त्याला देत नाहीत. दोन शेजारचे पट्टे धरतात, एकात हे, एकात ते, आणि सुगीला बघतात. अण्णांनी पोरींचंही तसंच केलं. "एक हिकडं घाला, एक तिकडं घाला. कोणचं कामाला येतंय ते बघू," ते म्हणाले आणि हॉटेलात गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून निघून गेले.

आता माझं वय पन्नाशीच्या पुढं गेलंय, दोन्ही गुडघे गेलेत, तरी माझा मुलींचा वर्ग चालू आहे. दरवर्षी जूनमध्ये आया येतात, हातात मोबाईल, त्यावर कसलेतरी व्हिडिओ. कराटे चांगलं का तायक्वांदो, एवढंच विचारतात. मी दोन मिनिटांत उत्तर देते, कारण त्यांना घाई असते. खरं उत्तर द्यायचं तर अक्काचं सांगावं लागतं, आणि अक्का आतल्या खोलीत बसलेली असते.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. तिला तलवाड्याला दिली होती, अंगददाजींच्या घरात. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. दुसऱ्यांदा आली तेव्हा दंडावर चार बोटांचे काळे डाग. मायनं दोन्ही वेळा हळद लावली आणि अण्णांनी दोन्ही वेळा तिला एसटीत बसवून दिलं. पण दुसऱ्या खेपेला बस गेल्यावर ते बराच वेळ स्टँडवरच उभे राहिले, आणि त्याच आठवड्यात आम्हा दोघींना मैदानावर नेलं. थोरलीला परत पाठवायचं आणि धाकट्यांना मारामारी शिकवायची, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी कशा बसत होत्या कोण जाणे. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मुस्काटात बसली असती.

कारण मार ही आमच्या घरात पाण्यासारखी गोष्ट होती. बसस्टँडसमोर अण्णांचं हॉटेल, मागं घर, आणि मधल्या अंगणात मोठी चूल. पहाटे चारला स्टोव्हचा पंप सुरू व्हायचा, मग तो भरभर आवाज, मग कढईत भजी पडल्याचा चर्रकन आवाज, मग परळीची गाडी मागं घेताना कंडक्टरची घंटी. त्या सगळ्यात कुणाच्या तरी थोबाडीत बसल्याचा आवाज मिसळलेला असायचा. काका छायाला पट्ट्यानं मारायचे. अण्णा मायला हातात असेल त्यानं मारायचे, एकदा गरम झाऱ्यानं, आणि तो डाग ती मरेपर्यंत तिच्या खांद्यावर होता. माय मला मारायची, मी छायाला, छाया मांजराला. सकाळच्या सुशीलात, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांत, मिरची जास्त पडली म्हणून ताटली भिंतीवर गेलेली मी कितीदा पाहिली आहे, आणि मग तेच मुरमुरे वेचून आम्ही खाल्लेत. कुणाला त्यात विशेष वाटायचं नाही. सणाला येसराची आमटी व्हायची, तिचा वास अंगणभर सुटायचा, तेव्हा एक दिवस कुणी कुणावर हात टाकायचा नाही अशी मायची अट होती. ती बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत टिकायची.

अशा घरातून गेलेल्या पोरींना मैदान म्हणजे सुख होतं. तिथं मार खाण्याला निदान नियम होते. शेख सर उर्दू शाळेत ड्रिल शिकवायचे, बोलायला मवाळ, पण मुरुमावर बंद मुठीनं जोर काढायला लावायचे. पंधरा दिवसांत माझ्या बोटांच्या गाठींवरची कातडी गेली, महिन्याभरात तिथं घट्टे आले. घरच्या न्हाणीवरची चार कौलं मी चोरून नेली आणि एका ठोशात फोडली, त्याबद्दल अण्णांनी मला चार फटके दिले, कौलामागं एक. पलीकडं फौजी मास्तर. सैन्यात असताना कुठंतरी शिकून आलेले, मिशीवाले, आवाज असा की टाकीवरचे पारवे उडायचे. त्यांच्याकडं सगळा खेळ पायाचा. छाया महिन्याभरात माझ्या डोक्यावरची टोपी लाथेनं उडवायला लागली. आम्ही अंगणात सरकी आणि वाळू भरून एक पोतं टांगलं होतं, त्यावर तिच्या पायाचं एक नख गेलं आणि माझ्या मनगटाला दोनदा मुरगळ आली. रक्त लागून ते पोतं तपकिरी झालं होतं.

दोघा गुरूंचं भांडण मजेदार होतं. पहिला जो धडा असायचा, खाली अडव, पाऊल टाक, ठोसा मार, वळ, तो दोन्हीकडं जवळजवळ सारखाच. हे आम्हा पोरींनाही दिसायचं. शेख सर म्हणायचे, "कोरियावर जपानचं राज होतं. तिथली पोरं जपानात कालेजाला गेली, कराटे शिकून आली, त्याला लाथा जोडल्या अन् नाव बदललं. बस्स." फौजी मास्तर रेघेपलीकडून ओरडायचे, "आमच्या लाथा हजारो वर्षाच्या हायेत. जुन्या थडग्याच्या भिंतीवर चित्रं हायेत त्याची." पुढं मी यावर जे मिळेल ते वाचलं. शेख सरांचं म्हणणं बरंचसं खरं निघालं, पण फौजी मास्तरांचा नातू माझ्याच वर्गाला मदत करतो, त्याला मी ते सांगितलेलं नाही.

फरक मात्र होता, आणि तोच पुढं आमच्या अंगावर आला. शेख सरांच्या झुंजीत ठोसा पूर्ण जोरानं सोडायचा आणि समोरच्याच्या तोंडापासून एक बोटावर थांबवायचा. चेहऱ्याला नुसता लागला तरी हरलात. ते थांबवणंच खरं कसब, असं सर सांगायचे, आणि माझ्यासारखं थांबवणारं तालुक्यात कुणी नव्हतं. माझा हात वाऱ्यासारखा जायचा आणि नाकाशी आला की आपोआप थिजायचा. छायाकडं उलट. छातीला जाड गादीचं चिलखत बांधायचं आणि खरोखरच लाथ घालायची, जितकी जोरात तितकं चांगलं. पण हातानं तोंडावर मारायला बंदी. तोंडावर ठोसा येणारच नाही म्हटल्यावर हात वर कशाला धरायचे, म्हणून ती सगळी पोरं हात खाली सोडून नाचायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही दोघींनी पदकं आणली. अण्णांनी ती हॉटेलात देवाच्या फोटोशेजारी लावली.

त्याच हिवाळ्यात अक्का तिसऱ्यांदा आली. खांद्याजवळचं हाड मोडलेलं, गळ्यात साडीच्या पट्टीची झोळी. या वेळी ती दोन महिने राहिली. उजवा हात चालत नव्हता तरी डाव्यानं छायाच्या पांढऱ्या पोशाखाला मांजरपाटाची ठिगळं लावायची, आणि आम्ही पोत्याला मारायला लागलो की चुलीपाशी बसून बघायची. एक दिवस तिनं विचारलं, "केस धरून वढलं तर काय करायचं गं?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. केस धरून ओढायचं दोन्ही देशांत नव्हतं.

"अन् बसलेलं असलं तर? भाकरी थापताना मागून लाथ बसली तर?" अक्का विचारत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. औषध कधी घ्यायचं, जेवणाआधी का नंतर, असं विचारावं तसं ती विचारत होती. "अन् दाराला आतून कडी घातली असली, जागाच नसली, तर ही लाथ कुठं मारायची?"

दुसऱ्या दिवशी मी शेख सरांना केसांचं विचारलं. सरांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवायला लावला, तो वरून दाबून धरला आणि असे गोल फिरले की मी गुडघ्यावर आले. रेघेपलीकडून फौजी मास्तर हसले. "एवढं गोल फिरुस्तर तो दुसऱ्या हातानं तोंड फोडंल. आधी नडगीवर लाथ घाल, मग फीर." पुढं कळलं की ही हात मुरगळायची विद्यासुद्धा दोन्हीकडं एकाच जपानी घराण्यातून आली आहे. जपान्यांनी तिला गोल आणि मऊ केलं, कोरियन लोकांनी तिच्यात लाथाबुक्क्या घातल्या. त्या संध्याकाळी दोघा मास्तरांचं त्यावरून इतकं वाजलं की वर्ग लवकर सुटला. अक्काला मी घरी येऊन दोन्ही रीती दाखवल्या. ती म्हणाली, "नडगीचं बरं वाटतंय." पण स्वतः करून बघ म्हटलं तर हसून मान हलवली. "तुमी शिका. मी सांगतेय ना, या बारीला मी जाणार न्हाई." हे तिनं पहिल्यांदाच म्हटलं होतं. छायानं आणि मी त्या रात्री शपथच घेतली की ते न्यायला आले तर आपण तिला जाऊ द्यायचं नाही.

ते बाजाराच्या दिवशी दुपारी आले. जीप, त्यात अंगददाजी आणि त्यांचा भाऊ बळी. जावई दारात आला म्हणजे आधी जेवण, मग बोलणं, ही आमच्याकडची रीत. ज्या माणसानं बहिणीचं हाड मोडलं त्याच्या ताटात मी स्वतः भाकरी वाढली आणि छायानं मटणाचा रस्सा. दाजी चवीनं जेवले. "रस्सा लई झ्याक झालाय," म्हणाले. आत माय अक्काची ओटी भरत होती आणि अक्का पदर पुढं करत नव्हती. तांदूळ फरशीवर सांडत होते.

"पाव्हणं, जरा दोन दिवस थांबून घ्या. हात बरा न्हाई तिचा," अण्णा म्हणाले.

"हात बरा व्हायला दवाखाने काय तिकडं न्हाईत?" दाजींनी चूळ भरली आणि उठले. "चल गं."

"मी न्हाई यायची," अक्का दारातून म्हणाली.

दाजी आत गेले आणि केस धरून तिला अंगणात ओढत घेऊन आले. मोडलेल्या बाजूवर ती आपटली तेव्हाची किंकाळी मला अजून ऐकू येते. मी धावले. मी अठरा वर्षांची होते, अंगात रग होती, आणि त्या माणसाचं नाक माझ्यासमोर उघडं होतं. पाय बरोबर पडला, कंबर फिरली, मूठ सुटली, आणि त्याच्या नाकापासून एक बोटावर थांबली. जशी दोन वर्षं रोज थांबत होती तशीच, एकदम अचूक. मला ती थांबवायची नव्हती. हातानं मला विचारलंच नाही.

दाजी क्षणभर त्या मुठीकडं बघत राहिले. त्यांनाही कळेना हे काय. मग त्यांनी अक्काचे केस सोडून दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि गुडघ्यावर आपटलं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मी खाली बसले आणि भडाभडा ओकले. तेवढ्यात छायाची लाथ त्यांच्या छातीत बसली, बरोबर तिथं, जिथं चिलखताचा गोल ठिपका असतो. लाथ सुंदर होती. दाजी मागं जाऊन पाण्याच्या पिंपावर पडले. पण छाया आपली हात खाली सोडून, पुढच्या लाथेसाठी नाचत उभी. बळीनं जीपचं हँडल आणलं होतं, गाडी सुरू करायचं लोखंडी. ते त्यानं आडवं तिच्या तोंडावर मारलं. वरचे तीन दात माझ्या समोर फरशीवर पडले आणि तिचा गाल आतून फाटून लोंबायला लागला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती घशातून गुळगुळ आवाज काढत होती. बळीनं हँडल पुन्हा उचललं.

"मारू नका त्यांस्नी," अक्का म्हणाली. "मी येते." ती उठली, डोक्यावर पदर घेतला, आपल्या पायानं चालत गेली आणि जीपमध्ये मागं जाऊन बसली.

"बळ्या, गाडी चालू कर बे," दाजी छाती दाबत म्हणाले.

आणि अण्णा? अण्णा हातात झारा घेऊन कढईपाशी उभे होते. ज्या झाऱ्यानं त्यांनी मायला डागलं होतं तो झारा त्यांच्या हातात होता, उकळतं तेल समोर होतं, आणि जावयावर तो उचलायचं त्यांना सुचलं नाही. मी त्यांना त्याबद्दल माफ केलेलं नाही. ते वारले तेव्हा मी रडले, पण माफ केलेलं नाही. माझं आणि छायाचंही एक सांगते. आम्ही मधे पडलो नसतो तर अक्का कदाचित रडून, दाराला धरून, शेजारपाजार गोळा करून राहिली असती. आमचं रक्त बघून ती उठली. तिला जीपमध्ये आम्हीच बसवलं.

माझा हात प्लास्टरमध्ये गेला, छायाच्या गालाला आतून बाहेरून टाके पडले. तिसऱ्या दिवशी शेख सर आणि फौजी मास्तर दोघं एकत्र घरी आले. त्या दोघांना एका बाजेवर बसलेलं धारूरनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी झालेलं सगळं सांगितलं. शेख सरांनी डोळे पुसले. "बेटा, तुझा हात मी थांबवला," ते म्हणाले. "स्पर्धेसाठी शिकवलं, अन् तुम्हाला वाटलं तेवढंच असतं. माझी चूक हाय." फौजी मास्तर छायाच्या सुजलेल्या तोंडाकडं बघत होते. "अन् हिचा हात मी खाली ठिवला," ते म्हणाले, आणि चहा न पिता उठले.

चुन्याची रेघ त्यानंतर कुणी मारली नाही. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी ते दोघं आम्हाला घेऊन बसायचे. फौजी मास्तर त्यांचं चिलखत मला बांधायचे आणि छायाला म्हणायचे, तोंडावर मार, अन् तुझे हात गालाशी ठेव. शेख सर ते चिलखत छायाला बांधून मला म्हणायचे, थांबू नको, पाठीतून बाहेर काढ. माझा हात पहिले कितीतरी दिवस थांबतच होता. घोड्याला खड्डा दिसावा तसा तो तिथं येऊन अडायचा. सर दर वेळी माझ्या पाठीत काठी घालायचे आणि मी रडत पुन्हा मारायचे. प्लास्टर निघालेला हात अजून दुखायचा, म्हणून आधी डावा सुधारला, मग उजवा. डोक्यावरच्या लाथा बंद झाल्या, फक्त नडगी आणि गुडघा. केस धरून ओढणं, भिंतीशी दाबणं, बसलेलं असताना मागून येणं, अक्कानं विचारलेला एकेक प्रश्न त्यांनी आमच्यावर करून दाखवला आणि आम्ही एकमेकींवर. छाया दात नसल्यानं बोबडं बोलायची. माझ्या पोटात गुडघा घालून म्हणायची, "हे कोलियातलं का जपानातलं, थांग." आम्ही हसायचो आणि पुन्हा एकमेकींना बडवायचो.

भर उन्हाळ्यात गेवराईकडं माहेर असलेली एक बांगड्यावाली कासारीण हॉटेलात चहाला आली. तलवाड्यात अक्काला बांगड्या भरायला गेली तर सासूनं दारातूनच परत लावलं, असं तिनं मायला सांगितलं. "पोरगी दिसली मला आत. तोंड वळखू येत न्हाई. एवढ्यात काय केलं न्हाई तर पुढच्या बारीला तुमाला मातीलाच बोलावतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. कुणाला सांगितलं नाही, मास्तरांनाही नाही. माजलगावला गाडी बदलली, गेवराईला बदलली. छायानं डब्यात धपाटे घेतले होते, पण डबा आम्ही उघडलाच नाही. भर उन्हात तलवाड्याला उतरलो आणि सरळ त्या वाड्यात शिरलो. अक्का ओसरीवर ज्वारी निवडत होती. कासारीण खोटं बोलली नव्हती. एक डोळा बंद होता आणि ओठ दोन ठिकाणी फाटलेला.

"चल," मी म्हटलं.

"कावून आलाव तुमी?" ती घाबरून कुजबुजली. "जा. तो घरात हाय."

दाजी बाहेर आले, मागून बळी. दाजींनी मला बघितलं आणि हसले. त्यांना ती थांबलेली मूठ आठवली असणार. ते सावकाश आले आणि वेणी हाताला गुंडाळून माझं डोकं खाली ओढलं. मी त्यांचा हात माझ्या डोक्यावरच दाबून धरला आणि टाचेनं नडगी खरडली, वरपासून खालपर्यंत. ते वाकले. मी फिरले. त्यांचं नाक समोर आलं आणि या वेळी हात थांबला नाही. नाक माझ्या मुठीखाली चपटं झालेलं मला कळलं. पुन्हा मारलं. डोळ्यावर मारलं. ते पडल्यावर छातीवर बसले आणि मारत राहिले. गाठींवरचे घट्टे फुटले, त्यांचं रक्त का माझं ते कळेना, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. चार महिने साठवलेलं सगळं हातातून चाललं होतं. ते पाय झाडायचे थांबले तरी मी थांबले नाही. पलीकडं छायानं हात गालाशी धरून बळीच्या गुडघ्यावर अशी लाथ घातली होती की तो पाय उलट्या बाजूला वाकला, आणि तो ज्वारीत पडून आईला हाका मारत होता. छायानंच मला काखेत हात घालून उचललं. "मलंल तो," ती म्हणाली. "थोड."

अक्का आमच्याबरोबर आली. चप्पल घातली नाही, काही घेतलं नाही. रस्त्यावर गावातली माणसं बाजूला झाली. एसटीत कंडक्टरनं माझ्या कोपरापर्यंतच्या रक्ताकडं बघितलं आणि पुढच्या सीटकडं बोट दाखवलं. अंगददाजींचा डावा डोळा कायमचा गेला. पुढं दोन्हीकडची माणसं बसली आणि अक्काची सुटका झाली. ज्याचं तोंड दोन पोरींनी फोडलं त्याला तक्रार करायला लाज वाटली, म्हणून आमच्यामागं काही लागलं नाही. अण्णा गिऱ्हाइकांना ती हकीकत वाढवून सांगायला लागले, त्यात ते स्वतःही तलवाड्याला होते. दोन्ही बियाणं चांगली निघाली, असं ते म्हणायचे.

चौथ्या का पाचव्या दिवशीची गोष्ट. सकाळी अक्का चुलीपाशी भाकरी थापत बसली होती. तोंडाची सूज उतरत होती. तिला मीठ पाहिजे होतं, आणि मिठाचा डबा तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता. मी मागून आले आणि डबा काढायला हात वर केला.

अक्कानं दोन्ही पिठाचे हात डोक्यावर घेतले आणि भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. डोळे गच्च मिटलेले. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी हात हळूहळू खाली घेतला आणि लांब उभी राहिले. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि ओशाळून म्हणाली, "तूच हायेस व्हय." पण हात डोक्यावरून काढायला तिला आणखी थोडा वेळ लागला. तलवाड्याच्या अंगणात मी काय केलं ते तिनं शेवटपर्यंत बघितलं होतं.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. अक्का माझ्याकडंच असते, आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. आजही ती स्वयंपाकघरात असली आणि मला फळीवरचं काही पाहिजे असलं तर मी आधी सांगते, "अक्का, डबा काढतेय गं." ती म्हणते, "काढ की." आणि डबा खाली येईपर्यंत माझ्या हाताकडं बघत राहते.